कॅथरीन: नाव कुठून आलं, अर्थ काय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाच्या आधी आईवडील विचारतात, लग्न ठरल्यावर नवी सून विचारते, कधी कोणी आजीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव वाचून विचारतं. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. कॅथरीन या नावाचा अर्थ काय?

परंपरेने सांगितला जाणारा अर्थ 'शुद्ध, निर्मळ' असा आहे. ग्रीक भाषेतल्या 'काथारोस' या विशेषणाशी हे नाव जोडलं जातं आणि त्या शब्दाचा अर्थ स्वच्छ, भेसळ नसलेला, निष्कलंक असा होतो. नावांच्या बहुतेक पुस्तकांत एवढंच लिहिलेलं असतं. पण हा अर्थ नावाला मागाहून चिकटला आहे. तो कसा चिकटला हे प्रश्न ३ मध्ये आहे, आणि या नावाबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ती वाचावी.

२. नाव तर इंग्रजी वाटतं. ग्रीक कसं?

आपल्याकडे ते इंग्रजीतून पोचलं म्हणून तसं वाटतं. सर्वांत जुनं माहीत असलेलं रूप ग्रीक आहे: 'ऐकातेरीने'. आजच्या ग्रीकमध्ये तेच 'एकातेरीनी' असं उच्चारतात आणि घरात, रस्त्यावर 'कातेरीना' म्हणून हाक मारतात. ग्रीकमधून ते लॅटिनमध्ये 'कातेरीना' आणि पुढे 'काथारीना' झालं, फ्रेंचमध्ये 'कातरीन' झालं आणि फ्रेंचमधून इंग्लंडात गेलं. पूर्वेकडे मात्र ते लॅटिनला वळसा न घालता थेट ग्रीक चर्चबरोबर गेलं. म्हणून रशियन 'येकातेरीना'त सुरुवातीचा स्वर अजून शाबूत आहे, आणि पश्चिम युरोपातल्या सगळ्या रूपांत तो गळून पडलेला दिसतो.

३. मग 'शुद्ध' हा अर्थ चुकीचा आहे का?

व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही. परंपरा म्हणून मात्र तो दीड हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ उरत नाही.

ही अडचण देवनागरी वाचणाऱ्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर समजते. प्राचीन ग्रीकमध्ये 'ताउ' आणि 'थीटा' ही दोन वेगळी अक्षरं होती. ताउचा उच्चार आपल्या 'त'सारखा आणि थीटाचा आपल्या 'थ'सारखा, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण. 'तर' आणि 'थर' हे शब्द मराठी माणूस जसे एक समजणार नाही, तसंच ग्रीक माणसाचंही होतं. आता 'ऐकातेरीने'मध्ये ताउ आहे आणि 'काथारोस'मध्ये थीटा. शिवाय नावाच्या सुरुवातीचा 'ऐ' काथारोसमध्ये नाहीच. मूळ शब्द काथारोस असता तर 'थ'चा 'त' का झाला आणि सुरुवातीला 'ऐ' कुठून आला, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ते देता येत नाही.

घडलं ते उलट दिशेने. नाव आधीपासून होतं. ख्रिस्ती लोकांत ते एका कुमारी संतिणीचं नाव म्हणून पसरलं (प्रश्न ७). कौमार्य आणि पावित्र्य यांच्याशी जोडलेल्या व्यक्तीचं नाव, आणि त्याच्या जवळपास ऐकू येणारा 'शुद्ध' या अर्थाचा शब्द! लोकांच्या मनात दोन्ही एकत्र आले आणि लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी नावात 'ह' घालून 'काथारीना' असं लिहायला सुरुवात केली. आज इंग्रजी कॅथरीनमध्ये जो 'थ' ऐकू येतो, तो या समजुतीचा ठसा आहे.

याला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपल्याकडचं ठळक उदाहरण मुंबईचं आहे. पोर्तुगीज 'बों बाइया', म्हणजे चांगला उपसागर, यावरून बॉम्बे झालं असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण पोर्तुगीजमध्ये उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तिथे 'बोआ' हवं, 'बों' नाही. नाव मुंबादेवीचं होतं, अर्थ नंतर कोणीतरी बसवला. कॅथरीनच्या बाबतीत फरक एवढाच की बसवलेल्या अर्थाने नावाचं स्पेलिंगही बदललं.

४. खरा, मूळचा अर्थ कोणता मग?

अभ्यासकांचे तर्क प्रामुख्याने चार आहेत.

पहिला 'हेकातेरोस' या शब्दाचा. त्याचा अर्थ 'दोहोंपैकी प्रत्येक'. त्यावरून 'हेकातेरीने' असं स्त्रीनाव झालं असावं, असा तर्क आहे. दुसरा हेकाती या देवतेचा. ही ग्रीकांची तिठ्यांची, रात्रीची आणि मंत्रतंत्राची देवता. तिसरा 'ऐकिया' या शब्दाचा, ज्याचा अर्थ छळ, विटंबना. आणि चौथा इजिप्तच्या कॉप्टिक भाषेतला, 'तुझ्या नावाला माझं समर्पण' अशा अर्थाच्या नावाचा.

मला पहिला तर्क सर्वांत जवळचा वाटतो. ध्वनी जुळतात, 'त'ची अडचण येत नाही, आणि सुरुवातीचा 'ह' ग्रीकमध्ये काळाच्या ओघात नाहीसा झालाच होता. 'ऐकिया'चा तर्क मला पटत नाही. संतिणीचा छळ झाला ही कथा प्रसिद्ध झाल्यावर तिच्याच नावात छळ शोधायचा, म्हणजे ती पुन्हा लोकव्युत्पत्तीच झाली. तरीही चारांपैकी एकही सर्वमान्य झालेला नाही. त्यामुळे कोणी 'मूळ अर्थ अमुकच' असं ठामपणे सांगितलं तर ते त्या माणसाचं मत समजावं.

५. संस्कृतशी काही नातं आहे का? कात्यायनी, कार्तिकी, कथा हे शब्द किती सारखे वाटतात!

तिन्हींशी नातं नाही. कात्यायनी 'कत' या ऋषींच्या गोत्रनावावरून, कार्तिकी कृत्तिका नक्षत्रावरून, आणि कथा 'कथ्' म्हणजे सांगणे या धातूवरून. नुसता आवाज सारखा आहे.

पण एक खरं नातं आहे, आणि ते फार गोड आहे. प्रश्न ४ मधला 'हेकातेरोस' खरा मानला तर त्यातला शेवटचा 'तेरोस' म्हणजे आपला 'तर' प्रत्यय. 'उच्चतर', 'अधिकतर', 'अन्यतर' यांतला. दोन गोष्टींत तुलना किंवा निवड दाखवणारा हा प्रत्यय ग्रीक आणि संस्कृत या दोघींनाही एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला. म्हणजे कॅथरीन नावातलं 'थर' कदाचित आपल्या 'उच्चतर'मधल्या 'तर'चं भावंड असेल.

इथे एक फसवी जागा आहे. संस्कृतमध्ये 'कतर' असा शब्दच आहे, अर्थ 'दोघांपैकी कोण?'. तो बघून नावाचं मूळ सापडलं असं वाटतं. पण 'कतर'चा ग्रीक भाऊ 'पोतेरोस' आहे, 'हेकातेरोस' नाही. प्रत्यय तोच असला तरी त्याच्या आधीचा भाग वेगळा.

६. कॅथलिक, कॅथीड्रल, कॅथेटर हे शब्द कॅथरीनवरूनच आले का?

नाही. ते तिन्ही ग्रीक आहेत, पण 'काता' या उपसर्गापासून निघालेले आहेत. कॅथलिक म्हणजे 'सगळ्याला लागू असलेलं', कॅथेटर म्हणजे 'खाली सोडलेली' नळी, आणि कॅथीड्रल 'काथेद्रा' म्हणजे आसन या शब्दावरून, कारण ते बिशपच्या आसनाचं ठिकाण. त्यातला 'हेद्रा' आणि आपल्या सदन, संसद, परिषद यांतला 'सद्' एकाच मूळ धातूचे आहेत. गोव्यात कॅथीड्रलला 'से' म्हणतात, तो पोर्तुगीज शब्दही आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि त्याचंही मूळ तेच.

'काथारोस'चे खरे वंशज वेगळे. एक कॅथार्सिस. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल वापरलेला हा शब्द ग्रीक वैद्यकात पोट साफ करण्यासाठीही वापरला जाई. म्हणून आपल्याकडच्या काव्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'विरेचन' हा आयुर्वेदातला शब्द मिळाला, तो अगदी चपखल आहे. दुसरी वंशज तुमच्या अंगणात असेल: सदाफुली. तिचं शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. काथारोस म्हणजे शुद्ध, आंथोस म्हणजे फूल. मूळची मादागास्करची ही वनस्पती, जिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. 'शुद्ध' हा अर्थ ज्यांना मनापासून आवडतो त्यांनी मुलीला सदाफुली दाखवून सांगावं. तिथे व्युत्पत्तीचा कसलाही वाद नाही.

७. पहिली प्रसिद्ध कॅथरीन कोण?

अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. कथा अशी: चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात एका उच्च कुळातली, खूप शिकलेली तरुणी होती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राट माक्सेन्तियससमोर उभी राहून तिने त्याला जाब विचारला. सम्राटाने तिला हरवण्यासाठी पन्नास तत्त्वज्ञ बोलावले. तिने त्या सगळ्यांना वादात निरुत्तर केलं. मग तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारायची शिक्षा झाली, पण चाकच मोडलं. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाई पर्वतावर नेला, असं कथा सांगते.

म्हणून ती तत्त्वज्ञांची, विद्यार्थ्यांची आणि अविवाहित मुलींची आश्रयदाती संत मानली जाते. सिनाईच्या पायथ्याशी सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने बांधलेला मठ आज तिच्या नावाने ओळखला जातो. २००२ मध्ये तो परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. जवळचं जबल कातरीना हे इजिप्तमधलं सर्वांत उंच शिखर.

मला या कथेत पावित्र्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. मध्ययुगातल्या लाखो मुलींना ज्या स्त्रीचं नाव दिलं गेलं, तिची कीर्ती पन्नास विद्वानांना वादात हरवणारी म्हणून होती. आपल्याकडे मुलीचं नाव गार्गी किंवा मैत्रेयी ठेवताना जो भाव असतो, तोच इथे आहे.

८. ती खरंच होऊन गेली का?

तिच्या काळातला कोणताही लेख तिचा उल्लेख करत नाही. कथा बऱ्याच शतकांनंतर लिहिलेली आढळते. त्यामुळेच १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तिचा सण काढला. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत आला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो कधी बंदच झाला नव्हता.

काही अभ्यासकांना या कथेमागे हायपेशियाची सावली दिसते. हायपेशिया ही अलेक्झांड्रियाचीच गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ. ४१५ साली ख्रिस्ती जमावाने तिची हत्या केली. तेच शहर, तशीच विदुषी, तसाच क्रूर मृत्यू, फक्त धर्मांच्या भूमिका उलट्या. हे सिद्ध झालेलं नाही. पण एकदा वाचल्यावर मनातून जात नाही.

९. 'कॅथरीन व्हील' म्हणजे आपलं भुईचक्र का?

जवळजवळ. इंग्लंडात ५ नोव्हेंबरच्या आतषबाजीत जे चक्र खांबाला खिळ्याने ठोकून फिरवतात, त्याला हे नाव आहे आणि ते प्रश्न ७ मधल्या चाकावरूनच पडलं. आपलं भुईचक्र जमिनीवर फिरतं, तत्त्व तेच. चित्रांत आणि मूर्तींत कॅथरीन ओळखायची खूणही हीच: शेजारी मोडकं चाक. जुन्या चर्चमध्ये चाक घेतलेली स्त्री दिसली की ती कॅथरीन.

१०. जुन्या गोव्याचं से कॅथीड्रल हिच्याच नावाचं आहे का? गोव्याशी तिचा काय संबंध?

हो, हिच्याच नावाचं. संबंध तारखेचा आहे. संत कॅथरीनचा सण २५ नोव्हेंबरला असतो. पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सु द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा एकदा घेतलं, काही महिन्यांत गमावलं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकलं. पोर्तुगीजांच्या दृष्टीने विजय संतिणीच्या दिवशी मिळाला, म्हणून ती शहराची आश्रयदाती झाली. त्या दिवशी शहरातल्या मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल झाली, हेही त्याच दिवसाच्या इतिहासात आहे आणि ते गाळून गोष्ट सांगू नये.

आल्बुकेर्कने लगेच बांधलेलं छोटं चॅपेल पुढे वाढलं. १५३४ मध्ये पोपने त्याला कॅथीड्रलचा दर्जा दिला. सध्याची भव्य इमारत वेगळी. तिचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये मुख्य इमारत पुरी झाली. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून आज ती बाजू लंगडी दिसते. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध सोनेरी घंटा आहे. आत गेलात तर मुख्य वेदीच्या सोनेरी कोरीव पडद्यासमोर थोडा वेळ उभे राहा. त्यावर कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. आधी प्रश्न ७ मधली कथा वाचलेली असेल तर ते प्रसंग ओळखू येतात, नाहीतर सगळं नुसतं सोनं दिसतं. पोर्तुगीज गोव्याच्या राजचिन्हातही तिचं चाक होतं.

११. जुन्या गोव्यातच जॉर्जियाच्या राणीचे अवशेष सापडले. तिलाही कॅथरीन म्हणतात. तीच का ही?

नाही. आणि हा गोंधळ आजचा नाही, सतराव्या शतकापासूनचा आहे.

त्या राणीचं नाव केतेवान. ती जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. धर्म सोडायला नकार दिल्यामुळे इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझ इथे तिला हालहाल करून मारलं गेलं. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्रींनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. संत ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत त्यांची डीएनए तपासणी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषाचा भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

केतेवान हे नाव फारसी 'कतायून'शी जोडलं जातं. जॉर्जियन भाषेत कॅथरीनचं रूप वेगळं आहे: 'एकातेरीने', लाडाने 'एका'. पण युरोपियनांना केतेवान हे नाव परकं वाटलं आणि त्यांनी तिला सरळ कॅथरीन करून टाकलं. जर्मन कवी आंद्रेआस ग्रिफियस याने तिच्यावर लिहिलेल्या नाटकात ती 'काथारीना' आहे. तेव्हा जुन्या गोव्यात एक कॅथरीन आहे आणि एक कॅथरीन नसलेली केतेवान आहे. दोघीही श्रद्धेसाठी मारल्या गेल्या म्हणून स्मरणात राहिल्या.

१२. मुंबई हुंड्यात गेली ती राजकन्याही कॅथरीनच ना?

हो. पोर्तुगालची कातारीना द ब्रागान्सा. तिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा, म्हणजे संत कॅथरीनच्याच दिवशीचा. सणाच्या संताचं नाव मुलाला ठेवायची कॅथलिक रीत लक्षात घेतली की नावाचा उलगडा होतो.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्नाचा करार १६६१ मध्ये झाला, लग्न १६६२ मध्ये. करारात मुंबई बेट इंग्रजांना द्यायचं कबूल झालं होतं. पण ताबा सहज मिळाला नाही. गोव्याचा पोर्तुगीज प्रमुख द्यायला तयार नव्हता. अब्राहम शिपमन याच्या हाताखालचे इंग्रज सैनिक अंजदीव बेटावर अडकून रोगराईने मेले, खुद्द शिपमनही तिथेच गेला. अखेर १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला, आणि १६६८ मध्ये राजाने ते बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. कातारीनाने स्वतः मुंबई कधी पाहिली नाही.

म्हणजे कोकण किनाऱ्यावरची दोन मोठी सत्तांतरं, १५१० चं गोवा आणि १६६१ ची मुंबई, एकाच नावाशी आणि एकाच तारखेशी जोडलेली आहेत. हे नाव परकं आहे असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

१३. कतरीना, केट, कात्या, कॅरन, कॅथलीन ही सगळी एकच नावं आहेत का?

हो, एकाच झाडाच्या फांद्या. पोर्तुगीज कातारीना, स्पॅनिश कातालीना, इटालियन कातेरीना, जर्मन काथारीना आणि केटे, स्वीडिश कारिन, डॅनिश कारेन (इंग्रजीत कॅरन), पोलिश काताझिना आणि लाडाने काशा, हंगेरियन कातालिन, वेल्श कात्रिन, स्कॉटिश कत्रीना. आयरिश भाषेतल्या रूपावरून इंग्रजीत कॅथलीन झालं. आयरिश लिखित रूप तसंच ठेवून इंग्रजी पद्धतीने वाचलं तेव्हा 'केटलिन' झालं, म्हणजे कॅथलीन आणि केटलिन ही मुळात एकाच शब्दाची दोन वाचनं. रशियनमध्ये कात्या आणि आणखी लाडाने कात्यूशा. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रॉकेटला सैनिकांनी हेच लाडकं नाव दिलं होतं.

कतरीनाच्या रूपात 'त' आहे, 'थ' नाही, म्हणून ती कॅथरीनपेक्षा मूळ ग्रीक उच्चाराच्या जवळ आहे. २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कातालिन कारिको याही नावाने कॅथरीनच.

१४. कतरीना नावाचं चक्रीवादळ आलं होतं. मुलीला ते नाव ठेवावं का?

वादळ ऑगस्ट २००५ चं, त्याने न्यू ऑर्लीन्स शहराची भीषण हानी केली. फार विध्वंस करणाऱ्या वादळाचं नाव यादीतून कायमचं वगळतात, तसं हेही वगळलं. त्या जागी आलेलं नाव कातिया, म्हणजे पुन्हा कॅथरीनच! यादी करणाऱ्यांनाही ते घर सोडवलं नाही. नाव बेधडक ठेवा.

१५. देवनागरीत कॅथरीन लिहावं की कॅथरिन? आणि इंग्रजीत सी की के?

मराठी लेखनात शब्द अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार दीर्घ लिहितात, म्हणून 'कॅथरीन'. इंग्रजीत सी हे लॅटिन-फ्रेंच वळण, के हे ग्रीक वळणाच्या जवळचं. दोन्ही बरोबर. अमेरिकेच्या अवकाश मोहिमांची गणितं करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन के लिहीत, रशियाची सम्राज्ञी इंग्रजी पुस्तकांत सीने येते.

मात्र एकदा निवडलं की जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट या सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच असू द्या. या नावात चुका व्हायच्या जागा तीन आहेत: सी की के, मधला स्वर 'ए' की 'ई', आणि शेवटी जादा 'ई'. आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर शेवटचा 'ई' राहून गेला आणि पासपोर्टच्या वेळी तिच्या आईला कितीतरी हेलपाटे घालावे लागले. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा.

१६. रशियाच्या कॅथरीन राणीचं खरं नाव वेगळं होतं असं ऐकलं. खरं का?

दोघींचंही वेगळं होतं. पहिली कॅथरीन जन्माने मार्ता. दुसरी, जिला 'महान' म्हणतात, ती जर्मन राजघराण्यातली सोफी. ऑर्थोडॉक्स धर्मात येताना दोघींना येकातेरीना हे नाव मिळालं, सोफीला १७४४ मध्ये. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात, ते आठवतं. फरक असा की सोफीने त्याच नावाने १७६२ ते १७९६ अशी चौतीस वर्षं स्वतः राज्य केलं. येकातेरिनबुर्ग शहराचं नाव मात्र पहिलीशी जोडलेलं, १७२३ चं.

१७. नामदिन कधी धरायचा? सिएनाची कॅथरीन वेगळी आहे का?

वेगळी. सिएनाची कॅथरीन (१३४७ ते १३८०) ही इटलीतली ऐतिहासिक व्यक्ती, तिची पत्रं उपलब्ध आहेत. १९७० मध्ये चर्चने तिला 'डॉक्टर' म्हणजे धर्माचार्य ही पदवी दिली. तिचा सण २९ एप्रिल. अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचा २५ नोव्हेंबर. रशियात तो जुन्या पंचांगाप्रमाणे २४ नोव्हेंबरला असतो, म्हणजे आजच्या पंचांगात ७ डिसेंबरला पडतो. घरात कोणती संत मानतात ते ज्येष्ठांना विचारा. कोणाच्या नावाने ठेवलं ते माहीत नसेल तर बाप्तिस्म्याची तारीख कोणत्या सणाजवळ आहे ते पाहा, बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

फ्रान्समध्ये २५ नोव्हेंबरला, पंचविशी गाठलेल्या अविवाहित मुलींना हिरव्या-पिवळ्या रंगाच्या टोप्या घालायची प्रथा आहे. त्यांना 'कातरिनेत' म्हणतात.

१८. आम्ही ख्रिस्ती नाही. हे नाव ठेवलं तर चालेल का? राशीचं अक्षर कोणतं?

नाव कोणीही ठेवू शकतं, त्यासाठी कुठलीही अट नाही. अक्षर पाहणाऱ्यांसाठी: अवकहडा चक्रात 'का, की' ही मृग नक्षत्राच्या शेवटच्या दोन चरणांची अक्षरं, म्हणजे मिथुन रास. 'कॅ' हा स्वर त्या कोष्टकात नाही, तेव्हा 'का' धरायची का ते तुमच्या गुरुजींनाच विचारा.

१९. याच अर्थाची मराठी नावं सुचवा.

शुद्ध, निर्मळ या अर्थाची: निर्मला, विमल, अमला, शुची, शुचिता, पावनी. आणि प्रश्न ७ मधली विदुषी मनात असेल तर गार्गी.

२०. बारशाच्या पत्रिकेवर एका ओळीत अर्थ छापायचा आहे. काय छापू?

'मूळ ग्रीक नाव ऐकातेरीने. परंपरेने अर्थ निर्मळ.' एवढं पुरे. 'परंपरेने' हा शब्द जागेअभावी गाळू नका, हवं तर 'मूळ' गाळा. आणि पत्रिका छापायला देण्याआधी नावाचं लेखन प्रश्न १५ प्रमाणे एकदा ताडून घ्या.